गावाला जाताना दारचा कुत्रा कोणाच्या भरवशावर?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमात कोणी कशावर बोलावे हे ठरले, तेव्हा माझ्या वाट्याला ‘गृहिणी आणि काटकसर’ हा विषय आला होता. मी तो बदलून मागितला. “मी कुत्र्यावर बोलते,” असे म्हणताच दोघीतिघींनी तोंडाला पदर लावून हसून घेतले, आणि एकीने तर स्पष्टच विचारले, “काकू, माणसांचे प्रश्न संपले का?” संपले नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण मी जे सांगणार आहे त्यात माणसेही आहेत, आणि त्यांतले एक बारा वर्षांचे पोर आहे. तेव्हा थोडा वेळ ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

आपल्या मोहर्लीचे वर्ष चार गावांसारखे चालत नाही. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान झाले १९५५ साली, अंधारीचे अभयारण्य १९८६ साली, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला तो १९९५ साली. पुढे पुढे गावाचा पोटापाण्याचा व्यवहार या प्रवेशद्वाराभोवती फिरू लागला. कोणाचा मुलगा गाइड, कोणाचे यजमान जिप्सीवर, कोणी माझ्यासारखी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणारी. उन्हाळ्यात शहरातली मंडळी सुट्टी काढून आपल्याकडे येतात, तेव्हा आपल्याला मान वर करायला फुरसत नसते. आपली सुट्टी पावसाळ्यात. जुलैपासून सप्टेंबरअखेर गाभ्याचे जंगल पर्यटकांना बंद असते, तेवढ्यात लेकीकडे जायचे, माहेरी डोकावायचे, दवाखान्याची राहिलेली कामे उरकायची. आणि नेमके त्याच दिवसांत गवत कमरेला लागते, परसातल्या वेलींचे मांडव दाट होतात, आणि दहा हातांवर काय बसले आहे ते दिसत नाही.

घर सोडून जाणाऱ्या सगळ्याच जणी सुट्टीवर जातात असेही नाही. धानाची मळणी आटोपली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडची कितीतरी कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि महिना-दोन महिने तिकडेच राहतात. पोरे, भांडी, पांघरुणे सारे गाडीत चढते. कुत्रा चढत नाही.

माणसांची सोय आपण नीट लावतो. म्हातारीला गोळ्या कोण देईल, गाय कोण दोहील, तुळशीला पाणी कोण घालील, हे सारे आठ दिवस आधी ठरते. कुत्र्यापाशी आले की मात्र, “तो काय, राहील इथेच,” असे म्हणून आपण उंबरठा ओलांडतो. मी स्वतः असेच म्हणत आले. त्याची हकीकत सांगते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी लेक नागपूरला पहिलटकरीण होती. रक्तदाब वाढल्यामुळे तिला प्रवास नको असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून ती माहेरी येण्याऐवजी मीच तिच्याकडे निघाले. यजमानही बरोबर आले. भर पावसाळा होता. आमच्या दारी तेव्हा काळू नावाचा कुत्रा होता. जातिवंत वगैरे काही नव्हे, गावातलाच. एका कानाचा तुकडा गेलेला, पण पाहुणा कोण आणि उपरा कोण हे त्याला माझ्याआधी कळायचे. शेजारणीचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याचे काळूशी फार जमायचे. मी त्याच्या हाती पाच किलो तांदूळ दिले, खाऊला पन्नास रुपये दिले, आणि सांगितले, “दोन वेळा भात घाल आणि रात्री सपरीत साखळीने बांधून ठेव, नाहीतर आमच्या वासाने एस.टी.च्या रस्त्याने पळत सुटेल. काळूची जबाबदारी आता तुझी.” हे शेवटचे वाक्य मी कौतुकाने म्हटले होते.

अकराव्या रात्री बिबट आला. साखळी खांबाला होती आणि काळू साखळीला. त्याला पळायला जागा नव्हती, लपायला आडोसा नव्हता. सकाळी साखळी आणि तुटलेला पट्टा तेवढा राहिला होता.

पण मला जे सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे. ते पोर आमच्या सपरीपासून वीस पावलांवरच्या घरात झोपले होते. काळूचा आवाज त्याने ऐकला, आई उठायच्या आत दाराची कडी काढली, आणि हातात टॉर्च घेऊन ते अंगणात आले. कारण काळूची जबाबदारी त्याची होती! त्याच्या आईने मागून त्याचा सदरा धरला आणि त्याला आत ओढले. मधे किती अंतर होते हे तिने मला कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

मी परत आले तेव्हा नातवाचे पेढे घेऊन आले होते. शेजारीण दारात आली नाही. तिला वाटत होते की माझा कुत्रा तिच्या घरच्यांच्या हातून गेला. मुलगा तर चार दिवस माझ्यासमोर आला नाही. म्हणजे चूक माझी आणि तोंड लपवत होती ती दोघे. मी तिच्याकडे गेले, पेढे ठेवले आणि म्हटले, “बाई, बांधायला मी सांगितले होते.” ती रडली, मीही रडले. पण खरे सांगते, आमचे पूर्ववत व्हायला वर्ष लागले.

तेव्हापासून मी या गोष्टीचा जरा विचार करू लागले, विचारपूस केली, थोडे वाचले. बिबट्याला कुत्रा आवडतो हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. परंतु किती, ते मला ठाऊक नव्हते. अकोले तालुका म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. तिकडच्या बिबट्यांची विष्ठा तपासून डॉ. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बिबट्याने खाल्लेल्या मांसाच्या वजनात पाळीव जनावरांचा वाटा ८७ टक्के निघाला, आणि एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. तो मुलूख उसाचा, आपला जंगलाचा. आपल्याकडे चितळ-सांबर भरपूर, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. तरी बांधलेला कुत्रा बिबट्याला चितळापेक्षा सोपा, हे समजायला आकडा कशाला हवा?

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की कुत्रा कोणाकडे ठेवायचा याच्याही आधी तो रात्री कोठे झोपेल हे ठरवावे. चार भिंती आणि बंद दार असेल तेथेच. सपरी नव्हे, कोठ्याचा उघडा कोपरा नव्हे, ताटवा लावलेले आंगणही नव्हे. ज्या घरी कुत्र्याला आत घेत नाहीत (आणि अशी घरे आहेत, कोणाचे सोवळे असते, कोणाला दमा असतो, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही), त्या घरी कुत्रा ठेवू नये. शेजारीण कितीही जिवाभावाची असली तरी ठेवू नये. आणि रात्री बाहेर काहीही आवाज झाला तरी दार उघडायचे नाही, कुत्र्यासाठी तर मुळीच नाही, हे सांभाळणारीला आपण स्वतः तोंडाने सांगून जावे. ती आपण होऊन तसे करणार नाही. दुसऱ्याची वस्तू म्हटली की माणूस जास्त धाडस करते.

जबाबदारी मोठ्या माणसाकडे द्यावी. पोरांनी खेळवावे, भात घालावा. पण राखण मोठ्यांची. जेवण दिवस मावळायच्या आत घालावे, म्हणजे अंधारात ताटली घेऊन कोणाला आंगणात जावे लागत नाही आणि उष्ट्याच्या वासाने दुसरे कुत्रे, डुक्कर असले काही रात्री गोळा होत नाही.

आता कुत्र्याच्या बाजूने थोडे. आपण परवा येतो, महिन्याने येतो, हे त्याला सांगून कळत नाही. जपानात टोकियो शहरी हाचिको नावाचा कुत्रा होता. त्याचे धनी प्राध्यापक होते. ते १९२५ च्या मे महिन्यात कामाच्या जागीच वारले, आणि हा कुत्रा १९३५ सालच्या मार्चमध्ये स्वतः मरेपर्यंत शिबुया स्टेशनावर त्यांची वाट पाहत येत राहिला. लोकांनी त्याचा पुतळा उभारला, तोही त्याच्या हयातीत. त्याच्या इमानाचे गोडवे सगळेच गातात. मला मात्र ती गोष्ट वाचून वाटले, की त्या जिवाला नऊ वर्षे कोणी उलगडून सांगू शकले नाही! आपले कुत्रेही रस्त्याकडे पाहत बसते, एखादे दोन दिवस अन्नाला शिवत नाही. सांभाळणारीने घाबरू नये, पाणी मात्र समोर ठेवावे. तिसऱ्या दिवशीही खात नसेल, किंवा पाणीही पीत नसेल, तर ते रुसणे नव्हे, आजार असू शकतो; तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. पावसाळ्यात गोचिडी फार होतात आणि त्यांच्यापासून कुत्र्याला ताप येतो. वरून सुस्ती दिसते आणि आपण म्हणतो, मालकिणीची आठवण काढते!

जाण्याआधी दोन-तीन रात्री त्याला त्या घरी झोपवून पाहावे. आपण गावातच असताना त्याला सवय झाली, तर पुढे जड जात नाही. त्याचे अंथरूण, म्हणजे ज्या पोत्यावर किंवा जुन्या लुगड्यावर ते निजते ते, न धुता बरोबर द्यावे. आपला वास हाच त्याचा दिलासा. न धुता हे मुद्दाम सांगते, कारण परक्या घरी काही द्यायचे तर आपण बायका आधी धुवायला घेतो. आमच्यातल्या एकीने गेल्या साली तेलंगणातून रोज फोन करून कुत्रीला आपला आवाज ऐकवला. कुत्री फोन चाटायची आणि मग रात्रभर दाराशी कण्हायची. सांभाळणाऱ्या आजी शेवटी म्हणाल्या, “माय, फोन मला कर, तिला नको.” आजींचे बरोबर होते.

खाण्याचे फार सोपे आहे, जे घरी खाते तेच द्यावे. फक्त दोन-तीन गोष्टी सांगून जाव्यात. कांदा कुत्र्याला बाधतो, द्राक्षे-मनुके आणि चॉकलेट तर विषासमान. आणि कोंबडीची शिजवलेली हाडे फुटून घशा-आतड्यात रुततात. लाडाने देणारे घर असेल तर हे जास्तच सांगावे. कुत्री असेल आणि माजावर यायची वेळ असेल, तर तेही लाज न धरता सांगावे. तीन आठवडे गावातले सगळे कुत्रे त्या बिचारीच्या दारात भांडत बसतील, आणि दोन महिन्यांनी पिल्ले झाली की वाद तुमच्या माथी येईल.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र पैशाची. पुण्या-मुंबईला, आता नागपूरलाही, कुत्रे दिवसाच्या भाड्याने ठेवून घेणारी घरे झाली आहेत. तेथे व्यवहार सरळ असतो. आपल्याकडे शेजारणीला पैसे द्यावे तर तिचा अपमान, न द्यावे तर तिच्या घरचा तांदूळ खर्ची पडतो. ती काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी “आमच्याकडे पाहुणे येणार आहेत” म्हणते. मी असे करते, की रोजच्या भाताच्या हिशेबाने तांदूळ आधी देऊन ठेवते, आणि दवाखान्यासाठी म्हणून वेगळे पैसे पुडीत बांधून देते. पुडी उघडावी लागली नाही तर परत येते; अपमान कोणाचाच होत नाही. जिच्याकडे तांदूळही जास्तीचा नाही, ती मिरचीहून आल्यावर दुसरीचे कुत्रे सांभाळून फेड करते. गावात पेरणी-रोवणीला एकमेकींकडे जातोच ना आपण, त्यातलेच हे.

लसीशिवाय कुत्रे कोणाकडे देऊ नये. पिसाळण्याची लस तिसऱ्या महिन्यानंतर द्यायची आणि मग दर वर्षी. ती दिलेली तारीख सांभाळणारीला ठाऊक हवी. परक्या घरी गांगरलेले शांत कुत्रेही कधी दात लावते. सांभाळणारी बाई मग ते लपवते, मालकिणीला वाईट वाटेल म्हणून. भगिनींनो, हे लपवणे जिवावरचे आहे. चावा असो की नुसता ओरखडा, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शने सुरू करावीत आणि ती सगळी पुरी करावीत. जखमेवर तिखट-चुना भरू नये. पाश्चर साहेबांनी १८८५ सालच्या जुलैमध्ये एका नऊ वर्षांच्या चावलेल्या मुलाला ही लस पहिल्यांदा दिली आणि तो वाचला; रोग एकदा उठला की मात्र आजही इलाज जवळजवळ नाहीच.

लशीचा संबंध आपल्या जंगलाशीही आहे. मिरचीला गेलेल्या घरांची कुत्री दोन महिने वाऱ्यावर राहिली की चार-सहा मिळून टोळी करतात, चितळाच्या पाडसामागे लागतात, मोहफुले वेचणाऱ्यांच्या मागे आत शिरतात. त्यांच्या अंगावरची खरूज आणि डिस्टेंपरसारखा रोग रानकुत्र्यांना, वाघ-बिबट्यांनाही लागू शकतो. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या जंगलात १९९४ साली याच डिस्टेंपरने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. आपल्या गीरमध्ये २०१८ साली थोड्याच दिवसांत २३ सिंह मेले, त्यांतल्या काहींत हाच रोग सापडला. ज्या वाघाच्या जिवावर आपल्या घरच्या दोन खोल्या भरतात, त्याला आपल्या दारच्या उपाशी कुत्र्याकडून रोग जावा, हे मला तरी पटत नाही.

पाहुण्यांचीही एक गोष्ट सांगून टाकते. एका उन्हाळ्यात बाहेरगावचे एक कुटुंब लाडका कुत्रा घेऊन सफारीला आले. कुत्र्याला आत नेता येत नाही हे त्यांना दारावर कळले. सफारीचे पैसे भरलेले, पोरे रडकुंडीला आलेली. त्यांनी कुत्रा गाडीत ठेवून काचा बोटभर उघड्या सोडल्या आणि निघाले. चंद्रपूरचा मे महिना! पारा पंचेचाळीसच्या वर जातो; बंद गाडीत अर्ध्या तासात काय होईल? एका गाइड पोराने ते पाहिले, त्यांना थांबवले, आणि कुत्रा माझ्याकडे आणून बांधला. संध्याकाळी ते लोक भाडे देऊ लागले तेव्हा मी घेतले. उगाच कशाला नको म्हणा? आता मी खोली मागणाऱ्या प्रत्येकाला फोनवरच विचारते, घरच्या कुत्र्याची सोय लावून येता आहात ना.

कायद्याचेही दोन शब्द. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा १९६०चा कायदा आहे. त्यासाठी राज्यसभेत प्रथम विधेयक आणले ते एका बाईंनी, नृत्यकलेसाठी प्रसिद्ध असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. पाळलेल्या जनावराला उपाशी ठेवणे, आखूड साखळीला गैरवाजवी वेळ बांधणे, किंवा त्याची उपासमार होईल असे सोडून जाणे, हा त्यात गुन्हा आहे. दंड किती, तर पहिल्या खेपेस दहा ते पन्नास रुपये! तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी सुधारेल असे मी म्हणत नाही.

पुराणात युधिष्ठिराने कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात जायला नकार दिला. थोर खरेच. पण त्याच्याजवळ शेजारीण नव्हती. आपल्याजवळ आहे, आणि आपल्याला नागपूरहून परतही यायचे असते.

यासाठी मंडळात मी एक वही घातली आहे. तिच्यात दर पानावर एक कुत्रा: नाव, रंग-खूण, लशीची तारीख, काय खातो, कशाला घाबरतो, रात्री कोणाच्या घरात झोपेल, आणि मालकिणीचा फोन. आतापर्यंत चौदा पाने भरली. मिरचीला जाणाऱ्या घरांपैकी तीनच जणींनी लिहवून घेतले. बाकीच्यांना वाटते की वहीत नाव गेले की पैसे मागतील. त्यांच्या घरी आपणच जायला हवे. मी एकटी गेले तर मला पाहुण्यांच्या खोल्यांची मालकीण समजतात, म्हणून दोघी-तिघींनी बरोबर यावे. येत्या मंगळवारी गेट बंद असते, पोरे मोकळी असतात, त्या दिवशी निघू.

महिनाअखेर मी पुन्हा नागपूरला जाते आहे, लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. आता दारी चंपी आहे. तिला शेजारणीचा तोच मुलगा सांभाळणार. तो आता अठरा वर्षांचा आहे. मी विचारले नव्हते, तो स्वतःच आला. चंपी त्याच्या खोलीत आत निजेल आणि आतून कडी असेल, हे त्याने मला सांगितले. तांदूळ घेतले, दवाखान्याची पुडी घेतली, पोते घेतले. साखळी मात्र काढून ठेवली आणि म्हणाला, “काकू, ही तुमच्याकडेच राहू द्या.”

वही तिकडे टेबलावर आहे, पेन्सिल दोरीला बांधली आहे. पंधरावे पान कोरे आहे.